पंख्याखालचा माणूस

छगननं सुकाणूचा दांडा श्रीमंतच्या तोंडावर घातला तो भावाच्या दहाव्याच्या दिवशी, घाटावर, कावळा पिंडाला शिवायच्या आत. दांडा बाभळीचा, चांगला मनगटाएवढा, तेलापाण्यानं काळा पडलेला. श्रीमंतचे पुढचे दात गेले आणि तो मटकन वाळूत बसला. रक्त थुंकत तो तेच बोलला जे रंभाजी मेल्यापासून बोलत होता. "म्या हँडल लावलं न्हाई, छगन. इंजीन गरम हुतं. आपसूक उठलं."

छगननं दुसऱ्यांदा दांडा उचलला तेव्हा चौघांनी त्याला धरला. धरणाऱ्यांतल्या एकानं जाता जाता श्रीमंतच्या बरगडीत लाथ घालून घेतलीच. इंजीन म्हणे आपसूक उठलं. अरे, बैल आहे का ते आपसूक उठायला? घाटावरची माणसं असंच म्हणत होती, आणि त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

नाव जुनी होती, शिडाची. भंडारदऱ्याच्या तलावावर कुणी गोरा साहेब ती हौसेनं फिरवायचा. लढाईवर जाताना त्यानं ती विकली आणि ठेकेदार आप्पासाहेबांनी बैलगाड्यांवर लादून गोदावरीवर आणली. नदीच्या अलीकडं आपला नगर जिल्हा, पलीकडं निजामाची मोगलाई, आणि माणसं, शेळ्या, धान्य इकडून तिकडं न्यायचा ठेका त्यांचा. पुढं त्यांनी नगरच्या लष्करी भंगारातनं रॉकेलवर चालणारं एक इंजीन उचललं, नावेच्या पोटात बसवलं आणि मागं पाण्यात पंखा लावला. पंख्याला पितळेची तीन पाती. रेतीच्या पाण्यात घासून घासून त्यांच्या कडा विळ्यासारख्या झाल्या होत्या. इंजीन आणि पंखा यांच्यामध्ये सोडायचं-जोडायचं काही नव्हतं. हँडल मारून इंजीन सुरू करायचं, आणि इंजीन फिरलं की पंखा फिरलाच.

सुकाणू रंभाजीच्या हाती होतं. रंभाजी थोरला, छगन धाकटा, घर पिढीजात नावाड्यांचं. मधली बहीण मनकर्णा, ती श्रीमंतला दिलेली. श्रीमंत नगरच्या लष्करी कारखान्यात हाताखाली राहून इंजिनाचं काम शिकला होता, म्हणून आप्पासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. कामाची वाटणी सरळ होती. नावेच्या आतलं सगळं इंजीनवाल्याचं, पाण्याखालचं सगळं नावाड्याचं. सुकाणू ज्या दोन लोखंडी खुंट्यांवर फिरतं त्यांना चरबी लावायची, पंख्याचा दांडा तळातनं जिथं बाहेर पडतो त्या भोकात चरबीत भिजवलेला ताग ठासायचा, पंख्यात चिंधी किंवा दोर गुरफटला तर बुडी मारून काढायचा, हे रंभाजीचं काम.

श्रीमंतचा हात वाईट होता, हेही सांगायला पाहिजे. एका दुपारी त्यानं मनकर्णाला घाटावरच, उतारूंच्या देखत, कमरेच्या पट्ट्यानं मारलं. कारण काय तर भाकरी उशिरा आणली. रंभाजी नावेतनं उतरला, मेहुण्याला मानगुटीला धरून पाण्यात घेऊन गेला आणि त्याचं डोकं बुडवून धरलं. हातपाय झाडून झाडून श्रीमंत ढिला पडला तेव्हा कुठं वर काढलं. "परत हात लावलास तर वर काढनार न्हाई," एवढंच तो म्हणाला.

आणि दुसऱ्याच दिवशी रंभाजी पंख्यात अडकलेलं पोतं काढायला नावेखाली गेला, वर इंजिनापाशी श्रीमंत एकटा, आणि इंजीन उठलं. पाती रंभाजीच्या मानेवर आली. नावेमागचं पाणी लाल झालं. त्या लाल पाण्यात श्रीमंतनंच उडी घेतली आणि अर्धवट तुटलेल्या मानेचा मेहुणा कवळ्यात धरून त्यानंच काठावर आणला. हे सगळ्यांनी बघितलं, पण हिशेबात कुणी धरलं नाही. आदला दिवस आणि हा दिवस, लोकांनी जोडून टाकले. फौजदार आला, आप्पासाहेबांच्या ओसरीवर चहा प्याला, अपघात म्हणून लिहून गेला.

श्रीमंतला हाकलून द्या असं गाव म्हणालं. आप्पासाहेबांनी ऐकलं नाही, कारण इंजिनाचं कळणारं दुसरं माणूस नेवाशापर्यंत नव्हतं. मग पंच बसले आणि त्यांनी रीत घालून दिली. यापुढं जो कोणी पंख्याखाली जाईल त्यानं इंजिनाचं हँडल स्वतःच्या कमरेला बांधून न्यायचं. हँडलच खाली गेलं तर वरचा माणूस इंजीन सुरू करील कशानं? सगळ्यांना हे लई शहाणपणाचं वाटलं.

श्रीमंत त्या बैठकीत फुटक्या तोंडानं सांगत होता, हँडल ठेवा न्हाईतर नेवा, खरी भानगड तारेत हाय. इंजिनाच्या टोपीवर जी तार लागते, तिच्यातनं ठिणगी पडते. इंजीन तापलेलं असलं की आत तेलाची वाफ राहते. मग खालनं पंखा हलून चाक जरा सरकलं तरी पुरतं. तार काढली तर काय बी हुनार न्हाई. पंचांतला एक म्हणाला, "लई झालं तुझं. मारलंस ते मारलंस, वर शिकिवतोस?"

तेव्हापासून सुकाणू छगनकडं आलं आणि बुडीही छगनकडं आली. वर्षभर ते दोघं एका नावेत होते. छगननं 'दाजी' म्हणणं टाकलं. 'ए इंजीनवाल्या' एवढंच. बुडी मारताना तो हँडल कमरेला आवळायचा, आणि श्रीमंत न विसरता तार काढायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि छगन वर येईपर्यंत तो हात उंच धरून नावेत उभा राहायचा. काठावरच्या सगळ्यांना दिसावं म्हणून. लोक हसायचे. बघा, खुनी कसा साळसूद झालाय. छगनला तर त्या वर केलेल्या हाताची चीड यायची. वर्षभरात आपल्या केसालाही धक्का लागला नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मनकर्णा एकदाच त्याच्या दारात आली. "मला मारायचा त्ये खरं," ती म्हणाली. "आता न्हाई मारत. पन दादाला त्यानं मारलं न्हाई. झोपेत वरडत उठतो. मी त्याच्या घरात ऱ्हाते, छगन, मला कळतं." छगननं हातातला तांब्या तिच्या अंगावर भिरकावला. तो तिच्या कपाळाला लागला, आणि कपाळ दाबत ती तशीच परत गेली.

घरात राहीबाई होती, रंभाजीची बायको. नवऱ्याचं रक्तानं कडक झालेलं मुंडासं तिनं धुतलं नव्हतं, चुलीसमोरच्या खुंटीला अडकवून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी छगनच्या पुढ्यात भाकरी ठेवताना ती विचारायची, "जमलं का?" छगन नकाराची मान हलवायचा. मग ती कालवण वाढायची. त्याला भावाची आठवण यायची तेव्हा ती रडण्यासारखी यायची नाही, हातांत यायची. बोटं आवळून यायची.

वाट कशी सापडली ते सांगतो. एकदा हँडलाचा दात मोडला, तेव्हा श्रीमंतनं इंजिनाच्या जाड चाकाला दोर गुंडाळला, पाय रोवून हिसडा मारला आणि इंजीन सुरू केलं. छगन सुकाणूवर बसून बघत होता. म्हणजे हँडल कमरेला बांधलं तरी इंजीन सुरू होतं. पंचांची रीत पोकळ निघाली आणि ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. आता श्रीमंत एकदा पंख्याखाली जायला पाहिजे होता, बस.

त्यासाठी छगननं केलं ते कुणी करणार नाही. भाद्रपदात पूर ओसरल्यावर सुकाणू उतरवून खुंट्या ठोकून सरळ करायच्या होत्या. कुणी जवळ नाही असं बघून त्यानं उजव्या हाताची दोन बोटं ऐरणीवर ठेवली आणि डाव्या हातानं त्यांवर घण घातला. मग बोंबलला. बोटांचा चेंदा झाला होता. लोकांना वाटलं, काम करताना लागलं. वैदूनं पाला बांधला. श्रीमंत घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बुडीचं मी बघतो. तू नुसतं सुकाणू धर." छगन मनात म्हणाला, ये, ये.

चारच दिवसांत तो योग आला. बेलापूरचा जैनुद्दीन, शेळ्यांचा व्यापारी, पांढऱ्या दाढीचा शांत माणूस, मोगलाईतनं शेळ्या घेऊन परत येत होता. नावेत तो, त्याच्या शेळ्या आणि हे दोघं. भर नदीत एक शेळी दावं तोडून बिथरली, दाव्याचा लांब दोर पाण्यात गेला आणि पंख्यानं ओढून घेतला. इंजीन घरघरलं आणि बंद पडलं. छगननं डाव्या हातानं नांगर टाकला. नाव धारेत ताणून उभी राहिली.

श्रीमंतनं सदरा काढला. हँडल कमरेला बांधलं, रीत होती म्हणून. मग टोपीवरची तार काढली, फडक्यात गुंडाळली आणि छगनच्या पुढं धरली. "ही तुझ्याजवळ ठिव," तो म्हणाला. "हँडलाचं मला भ्या न्हाई. हिचं हाय. इंजीन लई तापलंय." छगननं तार घेतली. श्रीमंत कोयता दातांच्या खिंडारात धरून पाण्यात उतरला.

छगन इंजिनापाशी गेला. फडकं सोडलं. तार जागेवर बसवली. दोर घेतला, चाकाच्या खाचेत त्याची गाठ अडकवली आणि वेढे घातले. उजव्या हाताची दोन बोटं निकामी, त्यामुळं जमेना, पण जमवलं. शेळ्यांतनं जैनुद्दीननं विचारलं, "काय करतो रे?"

"बघतोय," छगन म्हणाला.

खालनं फळीवर कोयत्याची मूठ वाजली. ठक ठक. ही नावाड्यांची जुनी खूण. खालचा ठोकतो, म्हणजे मी ठीक आहे. वरच्यानं पाय आपटून ओ द्यायची. छगनच्या बापानं त्याला पोहायच्या आधी ही खूण शिकवली होती. दोर हाताला गुंडाळून उभ्या असलेल्या छगनचा पाय आपोआप आपटला. धप धप. आपण काय केलं हे त्याला नंतर कळलं. आपण ओ दिली.

श्रीमंत श्वास घ्यायला वर आला. कडेला धरून धापा टाकत म्हणाला, "निम्मा निघाला. दाव्याला गाठीच गाठी हायेत." आणि खाली गेला. वरनं छगनला त्याचं काळं डोकं पाण्यात उतरताना दिसलं. मधोमध टक्कल पडायला लागलं होतं. पुन्हा ठक ठक. पुन्हा छगनचा पाय आपटला.

त्याला भयंकर राग आला, पायाचा, बापाचा, स्वतःचा. वर्षभर ह्याच घटकेसाठी भाकरी गिळली, बोटं फोडून घेतली, आणि आता हात उठत नाही. डोळ्यांपुढं रंभाजीची मान आणून बघितली. राहीबाईचं तोंड आणलं. तरी हात उठेना. खालचा माणूस ठीक आहे म्हणून ठोकतो आणि वरचा ओ देऊन त्याला कापतो, हे त्याच्या घराण्यात कुणाच्यानं झालं नसतं, त्याच्यानंही झालं नाही. न्हाई हुत, तो मनात म्हणाला. वहिनी काय म्हणायची ती म्हणो. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि लाजही वाटली.

तो दोर सोडायला लागला.

आता आधी तार काढायची. तुम्हाला कळतं, मला कळतं. पण छगनला वर्षभर शिकवलेलं होतं की मारतो तो हँडल लावणारा, दोर ओढणारा. तार ही श्रीमंतची बतावणी होती. दोर निघाला की झालं, असं त्याला वाटलं. वेढे सोडले, पण गाठ खाचेत रुतून बसली होती. उजव्या हाताची बोटं धड असती तर चिमटीनं उचलली असती. त्यानं डाव्या हातानं जरा हिसका दिला. जरासाच.

जड चाक अर्धा फेरा सरकलं. इंजिनाच्या पोटात 'कट्' असा आवाज झाला आणि ते उठलं.

इंजीन सुरू करायला छगननं दोर ओढला नव्हता, हँडल लावलं नव्हतं, काही केलं नव्हतं, आणि इंजीन धडधडत होतं. फळीखालनं आधी लोखंडावर पितळ आपटल्याचा आवाज आला, तो कमरेच्या हँडलाचा, आणि मग ओला, जाड आवाज आला. छगननं दोन्ही हातांनी तार उपटली. विजेचा झटका बसून तो मागं शेळ्यांवर पडला. इंजीन थांबलं. नावेमागं पाणी लाल होऊन धारेबरोबर लांब ओढलं जात होतं. वर्षापूर्वीसारखंच.

"दाजी," छगन ओरडला आणि त्यानं उडी टाकली. जैनुद्दीननं वरनं धोतराचा पदर सोडला, दोघांनी मिळून श्रीमंतला ओढून घेतला. उजवा हात खांद्यापासून कातड्यावर लोंबत होता. मानेच्या बाजूला फाळ गेल्यासारखी चीर पडली होती आणि तिच्यातनं रक्त उसळत होतं. छगननं तिच्यावर तळहात दाबला. बोटांमधनं रक्त येतच राहिलं. शेळ्या त्या रक्तात घसरून एकमेकींवर पडत होत्या.

श्रीमंतनं डोळे उघडले. "उठलं न्हवं?" तो म्हणाला. शब्द नीट येत नव्हते. "बघितलंस तू. आपसूक."

"व्हय दाजी. आपसूक उठलं. म्या बघितलं."

श्रीमंतच्या तोंडावर जे आलं ते सुखच होतं, दुसरं नाव त्याला नाही. वर्षभर एक माणूस त्याला हवा होता, तो मिळाला. मग त्याची नजर छगनवरनं सरकून इंजिनाकडं गेली. टोपी उघडी होती. खाली फळीवर उपटलेली तार पडली होती, आणि तिच्याजवळ सोडलेलं फडकं. तो त्या फडक्याकडं बघत राहिला. नंतर छगनकडं वळून बघितलं नाही. तसाच गेला.

नांगर ओढून घेऊन छगननं शीड चढवलं. डाव्या हातानं सुकाणू धरून नाव घाटाला आणली.

घाटावर गाव जमलं होतं. लाल पाणी नावेच्या आधी पोचलं होतं. छगन उतरला आणि म्हणाला, "म्या न्हाई केलं. इंजीन गरम हुतं. आपसूक उठलं."

कुणी त्याच्या तोंडावर दांडा घातला नाही. उलट एकानं खांद्यावर थाप मारली. दुसरा म्हणाला, बरं बरं, असंच सांग फौजदाराला. राहीबाई पुढं आली. तिच्या हातात खुंटीवरचं मुंडासं होतं. वर्षानं ती पहिल्यांदा हसली.

"व्हय," ती म्हणाली. "त्योबी असंच म्हनायचा. चल, जेवाया चल."

"वहिनी, खरंच आपसूक उठलं."

"न्हाई कोन म्हनतंय?" तिनं डोळा बारीक केला.

छगन खरं बोलत होता आणि समोरचं एकही माणूस त्याला मानत नव्हतं, आणि न मानूनच त्याला भला म्हणत होतं. त्यानं जैनुद्दीनकडं बघितलं. म्हातारा मान खाली घालून शेळ्या उतरवत होता.

मग गर्दी फाकली आणि मनकर्णा आली. ती नावेत चढली. नवऱ्याजवळ बसली, लोंबणारा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला. पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग उठली आणि इंजिनाकडं बघितलं. वर्षभर रोज रात्री त्या माणसानं तिला तेच सांगितलं होतं, टोपी, तार, वाफ, चाक. घाटावर कुणाला नव्हतं ठाऊक, तिला पाठ होतं. फळीवरचं फडकं तिनं उचललं.

"इंजीन आपसूक उठलं आसंल," ती म्हणाली. "तार आपसूक लागली का, छगन?"

छगन खोटं बोलू शकला असता. सगळं गाव त्याच्या बाजूला होतं, नुसतं गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"म्या लावली," तो म्हणाला. "मारायला लावली हुती. मग हात उठला न्हाई, म्हनून दोर सोडत हुतो. तवा उठलं." आणि राहीबाईकडं वळून म्हणाला, "दादाच्या टायमालाबी असंच उठलं हुतं, वहिनी. दाजी खरं बोलत हुते."

राहीबाईचं हसू गेलं. मुंडासं धरलेला तिचा हात खाली आला.

मनकर्णानं सुकाणूच्या खोबणीतनं दांडा ओढून काढला. तो बाभळीचा, काळा दांडा घेऊन ती नावेतनं उतरली, आणि छगन जागचा हलला नाही, त्यानं तोंडही फिरवलं नाही. पहिला घाव जबड्यावर बसला. तो गुडघ्यांवर आला तेव्हा तिनं दुसऱ्यांदा दांडा उचलला, आणि ह्या खेपेला तिला धरायला कुणी पुढं आलं नाही.